दोन पितळी मुठी आणि एक बाटली थिनर: एका दाराचं प्रकरण

दोन झडपांचं दार, प्रत्येक झडपेवर साधारण पंचवीस सेंटिमीटरची पितळी पट्टी आणि त्या पट्टीवर मूठ. डाव्या मुठीवर रंगाचा एक ठिपका नव्हता आणि अवस्था तिचीच वाईट होती. उजवीवर पांढरे शिंतोडे आणि करड्या ऑइलपेंटचे थेंब वाळून घट्ट बसले होते, तरी ती शाबूत होती. घरमालक काकांनी मला बोलावलं ते मात्र उजवीसाठी. डावी ‘साफ झालेली’ होती ना!

घडलं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी भिंतींना पांढरं इमल्शन लागलं आणि शेजारच्या खिडकीच्या लोखंडी जाळीला करडा ऑइलपेंट. दारावर काही झाकलं नव्हतं. रोलरचे शिंतोडे उडाले, जाळीवरच्या ब्रशचे थेंब पडले. काकांनी उरलेल्या थिनरमध्ये चिंधी बुडवून डावी मूठ पुसली. ‘‘अहो, एका मिनिटात निघाला रंग,’’ ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी पट्टीवर ढगांसारखे मंद पट्टे दिसले, आठवड्याभरात त्यांत बोटांचे ठसे तपकिरी उमटले, आणि पट्टीभोवतीच्या लाकडावर एक कोरडं, पांढुरकं कडं तयार झालं. तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. उजवी मूठ वाचली ती त्यामुळे.

थिनरनं नेमकं काय केलं हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा बेत त्यावरच ठरला. पितळ उघडं ठेवलं की काळवंडतं, म्हणून दारा-खिडक्यांच्या पितळी सामानावर कारखान्यातच लॅकरचा पारदर्शक थर देतात. तो काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ. रंगकामाचा थिनर हे टोल्युइनसारखी द्रव्यं, एस्टर आणि कीटोन यांचं जालीम मिश्रण असतं. लॅकर पातळ करण्यासाठीच ते बनवलेलं. मग ते रंगाच्या थेंबापाशी थांबेल कसं? थेंब सुटला, सोबत लॅकर सुटलं, आणि वाहून खाली गेलेल्या थिनरनं लाकडावरचं पॉलिशही मऊ केलं. काकांना एक मिनिट दिसलं ते थेंबाचं. लॅकर त्याच मिनिटात गेलं होतं, पण पारदर्शक वस्तू गेलेली लगेच दिसत नाही.

अशा कामात लोक विचारतात, ‘हा रंग कशानं निघतो?’ मी आधी विचारतो, रंगाखाली आणि रंगाशेजारी काय आहे. थेंब कशाचा आहे हे कळणं सोपं असतं. तो कशावर बसलाय हे कळायला वेळ लागतो.

थेंबाची परीक्षा मी दारावर केलीच नाही. खिडकीच्या काचेवर त्याच दिवशीचे तेच शिंतोडे होते आणि काचेला स्पिरिटनं काही होत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये ओला करून पांढऱ्या ठिपक्यावर धरला, दहा-बारा सेकंदांत बोळा पांढरा झाला. करडा ठिपका ढिम्म हलला नाही. म्हणजे दोन वेगळी जनावरं. इमल्शनमध्ये प्लास्टिकसारख्या पदार्थाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, पण त्यांच्यात रासायनिक गाठी पडत नाहीत, त्यामुळे मनाजोगता द्रावक भेटला की तो पापुद्रा पुन्हा मऊ पडतो. ऑइलपेंटचं उलट. त्यातलं अल्किड, म्हणजे रंगाला बांधून ठेवणारं तेलमिश्रित राळेसारखं द्रव्य, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. असं जाळं विरघळत नाही, फार तर फुगतं. मात्र हे बांधलं जाणं हाताला कोरडं लागल्यावरही कित्येक आठवडे चालू असतं. थेंब तीन आठवड्यांचेच होते, ही जमेची बाजू. वर्षभराचे असते तर हे प्रकरण वेगळं झालं असतं.

आता धातू. चुंबक चिकटला नाही, म्हणजे लोखंडावरचा मुलामा नाही. पण एवढ्यानं भरवसा ठेवू नये, कारण जस्ताच्या ओतीव सामानावरही पितळी मुलामा असतो आणि जस्तालाही चुंबक चिकटत नाही. शोभेचा पितळी मुलामा कधीकधी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, एकदा नीट घासला की खालचा पांढरा धातू दात दाखवतो. म्हणून एक स्क्रू काढून भोकाच्या आतली कड पाहिली. आरपार पिवळी. भरीव पितळ.

लॅकरची खूण मला डाव्या-उजव्या मुठींनीच दिली. पितळ पॉलिशचा टाचणीएवढा ठिपका उजव्या पट्टीच्या खालच्या कडेला चोळला, चिंधी पांढरीच राहिली. तोच ठिपका डावीवरच्या मंद पट्ट्यावर चोळला तर चिंधी लगेच काळी झाली. उघडं पितळ चिंधी काळी करतं, लॅकरखालचं पितळ पॉलिशला भेटतच नाही. लाकडाची परीक्षा दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे. स्पिरिटचा एक थेंब टाकला, थोड्याच वेळात बोट चिकटू लागलं. लाखेचं स्पिरिट पॉलिश.

इथे पेच स्पष्ट झाला. इमल्शन स्पिरिटनं निघतं, पण थेंबापासून दोन मिलिमीटरवर लाखेचं पॉलिश, आणि ते स्पिरिटमध्येच विरघळवून लावलेलं असतं. गरम पाण्यानं इमल्शन सैल होतं, पण लाखेवर पाणी साचून राहिलं की ती पांढरी पडते. ॲसिटोन सगळ्यांनाच खातं. टर्पेंटाइन लाखेला काही करत नाही, पण इमल्शनलाही काही करत नाही. मुठी दारावर असेपर्यंत एकही द्रव असा नव्हता की जो सगळ्या शेजाऱ्यांशी नीट वागेल. म्हणून द्रव शोधणं सोडलं आणि शेजारी कमी केले: मुठी उतरवल्या. मास्किंग टेप लावून जागेवरच करता आलं असतं असं कोणी म्हणेल. उभ्या पट्टीवरून द्रव खाली ओघळतो आणि टेपच्या कडेखाली शिरून तिथेच बसून राहतो. उघड्यावर सांडला असता तर उडून तरी गेला असता. अशा कामात टेपवर माझा विश्वास नाही.

उतरवताना माझी एक चूक झाली. पट्टी आणि लाकूड यांच्या सांध्यात रंगाचा ओघळ उतरलेला असतो आणि तो दोघांना एका पापुद्र्यानं बांधतो. स्क्रू सोडण्याआधी धारदार पात्यानं हा सांधा कापायचा असतो, पात्याची पाठ लाकडाकडे आणि धार पितळेच्या कडेला लागून. मी उजवीच्या तीन बाजू कापल्या आणि चौथीवर काही दिसलं नाही म्हणून सोडून दिली. पट्टी उचलली तेव्हा चौथ्या बाजूला चार मिलिमीटरचा पॉलिशचा टवका सोबत आला. रंग तिथे होता, फक्त लाकडाच्याच छटेत लपला होता.

स्क्रूंच्या खाचांतही रंग भरला होता. तो आधी सुईनं कोरून काढला. पितळी स्क्रू मऊ असतो, अर्धवट खाचेत पेचकस फिरवला की खाच तुटते, आणि मग तो स्क्रू हेच एक नवं प्रकरण होऊन बसतं. पेचकसाचं पातं खाचेइतकंच रुंद घेतलं. आठही स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं पुठ्ठ्यात खोचून ठेवले.

उजवी मूठ टेबलावर आली तेव्हा खेळात दोघंच उरले, रंग आणि लॅकर. पट्टीच्या टोकाला स्पिरिटचा बोळा ठेवून पाहिला, वीस सेकंदांत लॅकरवर बोळ्याचे तंतू चिकटले. स्पिरिट बाद. काही लॅकर स्पिरिटला दाद देत नाहीत, हे देत होतं. चाचणीशिवाय कळायला मार्ग नव्हता.

इमल्शनसाठी मग पाणीच. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. कापसाची पातळ पट्टी ओली करून शिंतोड्यांवर पसरली, वर प्लास्टिकचा कागद, आणि चाळीस मिनिटं मी दुसरं काम केलं. गुळगुळीत, रंध्रं नसलेल्या पृष्ठभागाला इमल्शनची पकड मुळात बेताची असते. पाणी कडेनं आत शिरलं, पापुद्रा किंचित फुगला की ती पकड सुटते. सदतीस शिंतोडे मोजले होते, त्यांतले एकतीस अंगठ्याच्या बाजूनं सरकवताच निघाले. सरकवणं आणि खरवडणं यांत फरक आहे. बोट किंवा बांबूची काडी जवळजवळ आडवी धरून ठिपक्याला कडेनं ढकलायचं, वरून खाली दाबायचं नाही. कठीणपणाच्या मोहस मापावर नख अडीचच्या आसपास, पितळ तीनच्या पुढे, पोलादी पातं साडेपाच किंवा अधिक. म्हणजे नखानं पितळेला चरा जात नाही, पात्यानं जातो. लॅकर तर या सगळ्यांहून मऊ, त्याला नखाचंही टोक लावायचं नाही.

उरलेले सहा मुठीच्या नक्षीच्या रेघांत होते. त्यांना आणखी चाळीस मिनिटं ओल्या कापसाखाली ठेवलं आणि काडीचं टोक चावून ब्रशसारखं करून काढलं. (हे टोक चावणं जरा गावठी दिसतं, पण बांबूचे तंतू असे सुटतात तसा ब्रश विकत मिळत नाही.) रात्रभर भिजत ठेवायचा मोह होतो. मी ठेवत नाही. लॅकरला कुठेतरी बारीक तडा असतोच, त्यातून पाणी आत गेलं की लॅकरखाली काळी रेघ धावते आणि ती वरून पुसता येत नाही.

ऑइलपेंटचे थेंब चार होते. फुगवायचे तर टर्पेंटाइन, आणि आधी पट्टीच्या टोकावर अर्धा तास ठेवून पाहिलं, लॅकर तसंच राहिलं. पण थेंब म्हणजे घुमट. वरून भिजवला तर साल मऊ होते, मधला भाग कोरडाच राहतो. म्हणून नवं पातं थेंबावर पट्टीला समांतर आडवं धरून घुमटाचा माथा कापला. नियम एकच: पात्याखाली कायम रंग हवा. थेंब कागदाएवढा पातळ झाला की पातं खाली ठेवायचं, शेवटचा थर पात्यानं काढायला जायचं नाही. मग थेंबाच्याच मापाचे कापसाचे तुकडे टर्पेंटाइनमध्ये भिजवून त्यावर ठेवले, वर चांदीचा कागद, आणि दर पंधरा मिनिटांनी काडीनं कड तपासली. तासाभरानं दोन थेंब साईसारखे सुरकुतून निघाले. तिसऱ्याला दुसरी फेरी लागली.

चौथा निघाला नाही. तो खालच्या स्क्रूच्या भोकाशी होता, जिथे लॅकर आधीच फाटलेलं होतं. रंगानं तिथे उघड्या पितळेला धरलं होतं आणि काडी लावली की लॅकरची फाटकी कडच उचलली जायची. मोहरीच्या दाण्याएवढा तो ठिपका मी तसाच ठेवला. काकांना दाखवला आणि सांगितलं, हा काढायचा तर याच्याभोवती रुपयाएवढं लॅकर जाईल. ते काही क्षण मुठीकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘राहू दे.’’

बाजारात मिळणारा रंग काढायचा स्ट्रिपर वापरला असता तर चौथा थेंब दहा मिनिटांत गेला असता, सोबत सगळं लॅकर. शिवाय जुन्या पद्धतीच्या स्ट्रिपरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. त्याची वाफ हवेहून जड, बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बाथटबवरचा रंग काढताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेत घरगुती वापरासाठीच्या अशा स्ट्रिपरवर २०१९ मध्ये बंदी आली. एका थेंबासाठी ही बाटली उघडण्यात मला अर्थ दिसत नाही.

डाव्या मुठीचं काम रंग काढण्याचं नव्हतंच, रंग काढल्याची भरपाई करण्याचं होतं. अर्धं लॅकर असलेली पट्टी सांधता येत नाही. नवा थर जुन्याच्या कडेवर चढला की कड उठून दिसते. म्हणून उरलेलंही काढावं लागलं: उघड्या हवेत, आगीपासून लांब, ॲसिटोननं. मग पॉलिश, एकाच दिशेनं, लांबीला समांतर. काकांच्या ओळखीतल्या कुणीतरी अमोनियात बुडवून ठेवायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. एकदा पुसल्यानं काही होत नाही, पण आतून ताण असलेलं पितळ अमोनियाच्या सान्निध्यात तडकतं. पूर्वी पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं अशीच तडकायची, आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण असल्याचं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये दाखवलं. मुठीला दांडा वाकवून दिलेला होता, म्हणजे ताण होताच.

पॉलिशचा पांढरा गाळ नक्षीतून काढायला पॉलिश करण्याइतकाच वेळ गेला. त्यानंतर मूठ उघड्या हातानं धरायची नाही, कारण बोटाचा तेलकट ठसा लॅकरखाली बंद झाला की काही महिन्यांनी तो तपकिरी होऊन वर येतो. हातमोजे, साबणपाणी, साधं पाणी, मग कोमट हवेत पूर्ण कोरडं. लॅकरचे दोन पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. पहिल्या दिवशी हवा दमट होती, म्हणून लावलंच नाही. दमट हवेत लॅकर सुकताना पाण्याची वाफ त्यात अडकते आणि थर दुधाळ होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी लावलं.

लाकडावरच्या पांढुरक्या कड्याचं काम तुलनेनं सोपं निघालं. लाखेचा एक मोठा गुण असा की नवी लाख जुन्या लाखेत मिसळते, वर वेगळा थर म्हणून बसत नाही. कापसाच्या गादीनं पातळ पॉलिश तीन-चार वेळा फिरवलं, कडं बुजलं. उजवीकडच्या टवक्यावर मात्र खड्डाच होता, तिथे थेंब-थेंब भरून वाळवावं लागलं आणि तरी तो पूर्ण सपाट झाला नाही.

दाराला आणखी दोन धातू होते, त्यांचं थोडक्यात. स्टेनलेस स्टीलच्या कडीवर लॅकर नसतं, पृष्ठभागच मूळचा असतो, त्यामुळे तिथे स्पिरिट बिनधास्त चाललं. फक्त कडी दारावरच होती म्हणून बोळा पिळून घेतला आणि स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेनंच पुसलं. लोखंडी तारेचा काथ्या तिथे वापरू नये, त्याचे कण स्टीलमध्ये रुतून गंजतात आणि लोक म्हणतात स्टील खराब निघालं. उंबऱ्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर काका धुण्याचा सोडा लावणार होते, कारण सोड्याच्या उकळत्या पाण्यात पितळेवरचा जुना रंग निघतो असं त्यांनी ऐकलं होतं. पितळेपुरतं ते खरं आहे (लॅकरही निघतं, ते वेगळं). ॲल्युमिनियमला सोडा खातो. त्यावरचा ॲनोडाइज्ड थर (विजेच्या साहाय्यानं दिलेला ऑक्साइडचा थर) खूप कठीण असतो, चरा सहज पडत नाही, पण क्षारापुढे टिकत नाही आणि पांढरे डाग कायमचे उरतात. तिथे फक्त ओला कापूस आणि प्लास्टिकचं कार्ड वापरलं, आणि काम पितळेपेक्षा लवकर झालं.

उजव्या मुठीला एकूण साडेचार तास लागले, त्यात माझा हात जेमतेम पाऊण तास चालला असेल. बाकीचा वेळ ओल्या कापसाचा. डावीला दोन दिवस लागले.

सात महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी गेलो तेव्हा मुठी पाहिल्या. डावीवर काळवंडल्याची खूण नव्हती, पण उजवीचं जुनं लॅकर वयानं पिवळसर झालेलं असल्यामुळे दुपारच्या उजेडात दोन्हींच्या रंगात फरक दिसतो. काकांनी विचारलं, उजवीचंही काढून नवं लावूया का? मी म्हटलं, कारखान्यात भट्टीत सुकवलेला थर अजून धड आहे, मी हातानं लावलेला तितका टिकणार नाही, डावी जुनी व्हायची वाट बघा. ते मान डोलावत मोहरीएवढा करडा ठिपका शोधत होते आणि त्यांना तो सापडेना. टवका मात्र दोघांनाही लगेच दिसला.